स्किझोफ्रेनियाची नवी औषधं आणि मेंदूतले रिसेप्टर: शुभंकरांचे नेहमीचे प्रश्न

मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवते. मनोविकारतज्ज्ञ नाही. शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या बैठकीला मला अधूनमधून बोलावतात आणि चहाच्या वेळी कुणीतरी मोबाइल पुढे करतंच: "मॅडम, हे नवीन औषध आलंय म्हणे, खरं का?" खालचे प्रश्न बहुतेक त्या चहाच्या वेळचेच आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. हे वाचून कुणाचीही चालू गोळी बंद करायची नाही, अर्धीसुद्धा करायची नाही.

रिसेप्टर म्हणजे नक्की काय?

पेशीच्या पृष्ठभागावर बसलेलं प्रथिन. पाठ्यपुस्तकात याला 'ग्राही' म्हणतात, पण बैठकीत सगळे रिसेप्टरच म्हणतात, तेव्हा तोच शब्द ठेवू. एका चेतापेशीने सोडलेलं रसायन दुसरीच्या रिसेप्टरवर येऊन बसतं आणि आत काहीतरी सुरू होतं किंवा थांबतं.

कुलूप-किल्लीची उपमा सगळे देतात. मला ती अपुरी वाटते, कारण कुलूप एक तर उघडतं नाही तर उघडत नाही. रिसेप्टर गॅसच्या बटणासारखा असतो. काही औषधं आच मोठी करतात, काही बटणावर नुसता हात ठेवून दुसऱ्या कुणाला ते फिरवू देत नाहीत, आणि काही मंद आचेवर अडकवून ठेवतात. ॲरिपिप्राझोल हे या तिसऱ्या प्रकारचं.

आत्ताची औषधं कोणत्या रिसेप्टरवर चालतात?

जवळजवळ सगळी एकाच, डोपामिनच्या डी२ रिसेप्टरवर. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर देनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं, तेव्हा ते का चालतं हे कुणालाच माहीत नव्हतं. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे हेसुद्धा तेव्हा ठरलेलं नव्हतं. पुढे १९७५-७६ च्या सुमारास टोरंटोत फिलिप सीमन यांनी आणि बाल्टिमोरात सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिलं की औषध डी२ला जितकं घट्ट चिकटतं, तितका त्याचा डोस कमी पुरतो. हॅलोपेरिडॉलचे काही मिलिग्रॅम आणि क्लोरप्रोमाझिनचे काहीशे मिलिग्रॅम यांतला फरक त्यातून उलगडला.

म्हणजे औषध आधी सापडलं, कारण मागून. त्यानंतरच्या रिस्पेरिडोन, ओलान्झापिन या गोळ्यांनी सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहकाचे रिसेप्टरही धरले, पण डी२ सोडला नाही.

आपल्या सर्पगंधेचा यात काही हात होता म्हणे?

होता, आणि चांगलाच. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये कोलकात्याहून सर्पगंधेविषयी लिहिलं: रक्तदाब उतरतो आणि उन्माद शांत होतो. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात रक्तदाबावरचे आपले अनुभव छापले आणि जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि दोन वर्षांत न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन ते मनोरुग्णांना देत होते.

रेसर्पिन रिसेप्टरवर बसतच नाही. ते पेशीतली डोपामिनची कोठारं रिकामी करतं. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन दिलेल्या, निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते रसायन, टोचलं आणि ससे उठून हालचाल करू लागले. डोपामिनचं महत्त्व तिथे कळलं, पुढे २००० साली नोबेलही मिळालं. रेसर्पिन मात्र या आजारासाठी मागे पडलं, कारण त्याने रक्तदाब फार उतरायचा आणि मनही खचायचं. "आयुर्वेदात सगळं आधीच होतं" असं यावर कुणी म्हणालं की मी हसून सोडून देते. मुळी आपली होती, हे खरं. ती का चालते हे शोधायला मात्र ससे लागले.

डी२ बंद केला की आजार जातो, मग नवीन रिसेप्टर कशाला?

आजार जात नाही, त्याचा एक भाग दबतो. कानात येणारे आवाज, कुणीतरी पाळत ठेवतंय ही खात्री, म्हणजे भास आणि भ्रम, यांच्यावर या गोळ्या चालतात. पण बैठकीतल्या आयांची तक्रार वेगळीच असते. "आवाज बंद झालेत हो, पण तो दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. आंघोळ कर म्हटलं तर चार तास." ही उणिवेची लक्षणं. तिसरा भाग लक्ष, स्मरण आणि नियोजनाचा. नोकरी टिकेल की नाही हे बऱ्याचदा याच भागावर ठरतं. या दोन्हींवर डी२च्या गोळ्या फारशा चालत नाहीत.

शिवाय डी२ फक्त आजाराच्या जागी नसतो. हालचालींच्या केंद्रातही असतो. मेंदूच्या स्कॅनवरून कळलंय की साधारण ६५ टक्के डी२ व्यापले गेले की गुण यायला लागतो आणि ८० टक्क्यांच्या आसपास गेले की हातपाय आखडतात, थरथरतात, एका जागी बसवत नाही. मधली पट्टी अरुंद आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतले डी२ अडवले गेल्यामुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं आणि पाळी चुकते. वजन आणि साखर वाढते ती मुख्यतः हिस्टामिन आणि सेरोटोनिनच्या रिसेप्टरमुळे. त्यात ओलान्झापिन आणि क्लोझापिन आघाडीवर.

क्लोझापिनचं नाव सगळे दबक्या आवाजात का घेतात?

कारण त्याचा इतिहास तसा आहे. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी एकदम घसरून काही रुग्ण दगावले आणि औषध मागे घेतलं गेलं. मग १९८८ मध्ये जॉन केन यांची चाचणी आली. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी क्लोझापिनने ३० टक्के सुधारले, क्लोरप्रोमाझिनने अवघे ४ टक्के. म्हणून ते परत आलं, रक्ततपासणीची अट घेऊन.

आपल्या विषयासाठी गंमत अशी की क्लोझापिन डी२वर सैलसर बसतं आणि तरी सगळ्यांत चांगलं चालतं. याचा अर्थ डी२पलीकडे काहीतरी आहे. शरीरात क्लोझापिनचं जे नॉरक्लोझापिन होतं, ते एम१ या मस्करिनिक रिसेप्टरला चालना देतं (हे रिसेप्टर काय, ते पुढच्या प्रश्नात). दोन औषधं पुरेशा डोसात पुरेसा काळ देऊन गुण आला नसेल, तर क्लोझापिनविषयी डॉक्टरांना विचारा. माझ्या मते आपल्याकडे ते फार उशिरा दिलं जातं.

मग ते 'नवीन औषध' नेमकं कोणतं?

झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम यांची एकत्र कॅप्सूल. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २६ सप्टेंबर २०२४ रोजी तिला मंजुरी दिली. नाव कोबेन्फी. डी२ला अजिबात न शिवता स्किझोफ्रेनियासाठी मंजूर झालेलं हे पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिननंतर सत्तर-बहात्तर वर्षांनी. ते ॲसिटिलकोलिन या आणखी एका संदेशवाहकाच्या मस्करिनिक रिसेप्टरवर चालतं. हे रिसेप्टर पाच प्रकारचे, एम१ ते एम५. मेंदूसाठी महत्त्वाचे एम१ आणि एम४.

हे समजावून सांगायला मला परसातल्या दोन वनस्पती पुरतात.

पहिली धोत्रा. शंकराला वाहतो तोच. धोत्र्याच्या बिया पोटात गेलेला माणूस बरळतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, हवेतल्या वस्तू धरायला जातो. त्यातलं ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन मस्करिनिक रिसेप्टर अडवतात. म्हणजे हे रिसेप्टर बंद पडले की निरोगी मेंदूलाही भास होतात. मग त्यांना चालना दिली तर भास कमी होतील का?

दुसरी सुपारी. तिच्यातलं अरेकोलिन याच रिसेप्टरना चालना देतं. १९९०च्या सुमारास डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी अरेकोलिनच्या रेणूवर बदल करत करत झॅनोमेलिन घडवलं. एली लिलीने ते आधी अल्झायमरसाठी तपासलं. ३४३ रुग्णांच्या त्या चाचणीचे निकाल १९९७ मध्ये आले. स्मरणशक्तीत थोडा फरक पडला, पण अनपेक्षितपणे रुग्णांचे भास, संशय आणि चिडचिड कमी झाली. तरीही औषध बाजूला ठेवावं लागलं, कारण मोठ्या डोसाच्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मळमळ, उलट्या, घाम, चक्कर यांना कंटाळून ते सोडलं. मस्करिनिक रिसेप्टर पोटात, लाळग्रंथीत, मूत्राशयात, हृदयातही असतात. झॅनोमेलिन सगळीकडेच बटण फिरवत होतं.

यावरची युक्ती मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडते. ट्रॉस्पियम ही वारंवार लघवीला लागणाऱ्यांची जुनी गोळी. ती मस्करिनिक रिसेप्टर अडवते, पण तिच्या रेणूवर विद्युतभार असल्यामुळे रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. दोन्ही एकत्र दिली की मानेखाली ट्रॉस्पियम झॅनोमेलिनला आवरून धरतं आणि मेंदूत झॅनोमेलिन मोकळं राहतं. नवा रेणू शोधावा लागला नाही. बॉस्टनच्या एका छोट्या कंपनीने ही जोडी जमवली. तिचं नाव करुणा थेरप्युटिक्स. ब्रिस्टल मायर्स स्क्विबने ती १४ अब्ज डॉलरना विकत घेतली. लघवीच्या गोळीला इतका भाव याआधी आला नसेल!

एम१ आणि एम४ला चालना दिल्यावर डोपामिन कसं कमी होतं?

गच्चीवरची टाकी भरून वाहतेय असं समजा. डी२च्या गोळ्या खाली बादलीवर झाकण ठेवतात. पाणी येतंच राहतं, फक्त बादलीत पडत नाही. एम४ची चालना पाण्याची मोटरच हळू करते. मेंदूच्या देठातल्या ॲसिटिलकोलिनच्या पेशी डोपामिनच्या पेशींना ढोसत असतात आणि त्या ढोसणाऱ्या पेशींवरच एम४चा ब्रेक असतो. हालचालींच्या केंद्राला याची झळ कमी लागते, म्हणून आखडणं नाही. एम१ मुख्यतः मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, काम करतो, तिथल्या जाळ्याचा समतोल सावरतो. लक्ष आणि स्मरणाबाबत जी आशा आहे ती एम१कडून, पण ती आशाच आहे. औषधाला मंजुरी त्यासाठी मिळालेली नाही.

सुपारीतूनच आलंय, तर मुलाला सुपारी दिली तर?

नाही. पलाऊ बेटांवर सुपारी खाणाऱ्या रुग्णांची लक्षणं सौम्य दिसली असं एक संशोधन २००० साली खरोखर छापलं गेलंय. म्हणूनच स्पष्ट सांगते. अरेकोलिनचा परिणाम मिनिटांत ओसरतो, किती पोटात गेलं ते मोजता येत नाही आणि सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो. गालाचं कातडं आखडून तोंड उघडेनासं होतं, ते तर आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतं.

डॉक्टरांनी रिस्पेरिडोनसोबत 'टीएचपी' दिलंय. ते धोत्र्याच्या बाजूचं की सुपारीच्या?

फार छान प्रश्न, आणि तो विचारणारे एक निवृत्त एसटी कंडक्टर होते. टीएचपी म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल, पुष्कळांना 'पॅसिटेन' म्हणून ठाऊक असलेलं. ते धोत्र्याच्या बाजूचं. मस्करिनिक रिसेप्टर अडवतं, तेही मेंदूत शिरून. डी२च्या गोळीने हातपाय आखडतात ते सुटावेत म्हणून ते देतात आणि त्या कामाला ते चालतं. पण तोंड कोरडं पडतं, शौचाला कडक होतं आणि विसराळूपणा वाढतो. आजाराने स्मरणशक्ती आधीच ओढाताणीत, त्यावर हे.

आपल्याकडे रिस्पेरिडोन आणि टीएचपी एकाच गोळीत मिळतं. आखडणं असो वा नसो, पहिल्या दिवसापासून तेच सुरू होतं आणि वर्षानुवर्षं चालतं. पुढच्या भेटीत नक्की विचारा: "याची अजून गरज आहे का?" स्वतःहून तोडू नका. एकदम थांबवलं तर आखडणं उसळून येतं, जीव कासावीस होतो. डॉक्टर हळूहळू कमी करतात.

नवीन औषधाने किती फरक पडतो? आकडे सांगा.

लक्षणं मोजायला पॅन्स नावाची पट्टी आहे. ३० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे काहीच लक्षण नसलं तरी ३०. 'इमर्जंट-२' चाचणीत २५२ जण होते, मुदत ५ आठवडे. औषधाच्या गटाचे गुण २१.२ने उतरले, प्लासिबोच्या म्हणजे पोकळ गोळीच्या गटाचे ११.६ने. फरक ९.६. 'इमर्जंट-३'मध्ये फरक ८.४.

डी२च्या चांगल्या औषधांच्या तोडीचा हा फरक आहे. त्यांच्याहून मोठा नाही. फायदा आहे तो वजन, आखडणं आणि प्रोलॅक्टिन यांच्या बाबतीत. आणि पाच आठवडे म्हणजे किती? ज्यांच्या घरी हा आजार वीस वर्षं मुक्कामाला आहे, त्यांना मी सांगायला नको.

मग दुष्परिणामच नाहीत का?

आहेत. दर पाचात जवळजवळ एकाला मळमळ. अपचन, बद्धकोष्ठ, उलट्या, नाडी जलद होणं, रक्तदाब वाढणं. यकृताला मध्यम किंवा जास्त इजा असेल, लघवी तुंबत असेल, जठर रिकामं व्हायला अडथळा असेल किंवा अरुंद कोनाचा काचबिंदू उपचाराविना असेल, तर हे औषध देत नाहीत. सुरू करण्याआधी यकृताची तपासणी लागते. दिवसातून दोनदा, तेही जेवणाआधी निदान एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. रोजची एक गोळीही उशीखाली सापडणाऱ्या घरांत हे वेळापत्रक कसं पाळायचं, हा प्रश्न मला मळमळीपेक्षा मोठा वाटतो. डी२च्या काही औषधांचं महिन्याचं इंजेक्शन तरी मिळतं.

चालू गोळीच्या जोडीला घेता येईल का?

ते 'अराइज' चाचणीत तपासलं. जुन्या औषधाने अर्धवट गुण आलेल्यांना हे जोडून दिलं. एप्रिल २०२५ मध्ये निकाल आला. प्लासिबोपेक्षा फरक फक्त २ गुणांचा, संख्याशास्त्राच्या कसोटीला न उतरणारा. पुष्कळ घरांची आशा नेमकी याच वापरावर होती.

बाकीच्या रिसेप्टरवर कुणी काम करत नाही?

करतात, आणि बहुतेक वेळा हात पोळून घेतात. पेपरात फक्त यशाची बातमी येते, म्हणून इथे जरा थांबते.

ग्लुटामेट या संदेशवाहकाचा एनएमडीए रिसेप्टर सर्वांत आशेचा वाटायचा. तो केटामिन या भुलीच्या औषधाने अडवला की निरोगी माणसातही भास, भ्रम आणि उणिवेची लक्षणंसुद्धा दिसतात. २००७ मध्ये होसेप दालमाउ यांच्या गटाने या रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन होणारा मेंदूदाह ओळखला. असे रुग्ण सुरुवातीला थेट मनोविकार विभागात येतात. म्हणूनच अचानक वेड्यासारखं वागणं आणि सोबत झटके किंवा ताप असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्ट गाठा. इतका भक्कम धागा असूनही औषध हाती लागलं नाही. लिलीचं पोमाग्लुमेटाड २०१२ मध्ये पडलं, रोशचं बिटोपर्टिन २०१४ मध्ये, बोरिंगर इंगेलहाइमचं आयक्लेपर्टिन जानेवारी २०२५ मध्ये.

टीएएआर१ या रिसेप्टरवरचं उलोटारॉन्ट छोट्या चाचणीत चमकलं आणि २०२३ च्या दोन मोठ्या चाचण्यांत प्लासिबोपुढे टिकलं नाही. औषधाने गुण आला होता, पण प्लासिबोनेही तितकाच आला. रोज कुणीतरी आपुलकीने बसून तासभर चौकशी करतं, याचाही गुण येतोच. फक्त एम४ धरणारं एमराक्लिडिन नोव्हेंबर २०२४ मध्ये असंच अडखळलं. ते बनवणाऱ्या कंपनीसाठी ॲबव्हीने ८.७ अब्ज डॉलर मोजले होते.

भाऊ सिगारेटवर सिगारेट ओढतो. मेंदूच मागतो का?

काही अंशी, असं मानणारे संशोधक आहेत. निकोटिनचे रिसेप्टर म्हणजे ॲसिटिलकोलिनचंच दुसरं घराणं, आणि निकोटिनने लक्ष थोडा वेळ सुधारतं. त्यांपैकी अल्फा-७ या रिसेप्टरवरची औषधंही करून झाली, यश आलं नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट घरात माहीत असावी. सिगारेटच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि ओलान्झापिन लवकर मोडून टाकतं. म्हणजे ओढणाऱ्याचा डोस ओढण्याच्या हिशोबाने बसलेला असतो. रुग्णालयात भरती झाला, सिगारेट बंद झाली, की तोच डोस आठवडाभरात जास्त होतो. झोप, लाळ, चक्कर वाढते. सिगारेट सोडायचीच आहे, पण डॉक्टरांना सांगून.

भारतात मिळेल का? किंमत काय?

अमेरिकेतली मंजुरी इथे चालत नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची वेगळी परवानगी लागते. अमेरिकेत औषध आलं तेव्हाची छापील किंमत महिन्याला सुमारे १,८५० डॉलर होती. अमेरिकेतल्या भाच्याकरवी मागवायचा बेत कुणी करत असेल तर सोडून द्या. यकृताच्या तपासण्या, डोस वाढवणं, उलट्या झाल्या तर काय, हे सगळं बघायला इथला डॉक्टर लागेल.

मुलाला एखाद्या चाचणीत घालू का?

घालण्याआधी तीन गोष्टी. भारतातली प्रत्येक औषधचाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. तिथे नाव शोधा, सापडत नसेल तर तिथून निघा. दुसरं, प्लासिबोचा गट आहे का आणि चालू औषध बंद करणार का, ते विचारा. 'इमर्जंट' चाचण्यांत रुग्णांना पाच आठवडे रुग्णालयात ठेवलं होतं. इथे औषध थांबवून घरी पाठवणार असतील, तर रात्री दोनला कुणाला फोन करायचा ते लिहून घ्या. तिसरं, संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणा, आणि ज्याच्यावर औषध तपासणार त्याला बरं वाटत असेल अशा दिवशी त्याच्यासोबत वाचा. सही त्याची असते. कोणत्याही टप्प्यावर "मला आता नको" म्हणायचा हक्कही त्याचाच, आणि तसं म्हटल्यावर त्याचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.